सुई, विश्वास आणि आपले प्रश्न

करोना ओसरला, पण ‘सुई नको गं बाई’ हे बोलणं काही घरांतून गेलं नाही. त्याची किंमत लेकरांनी मोजली. २०२२ च्या अखेरीस आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराची साथ आली. मुंबई आणि भिवंडीतही आली. करोनाकाळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, त्यात अफवांची भर पडली. जगभरही तसंच झालं. २०२१ मध्ये सुमारे ४ कोटी मुलांचा गोवराचा डोस चुकला, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं.

मग घाबरणाऱ्या बाईला अडाणी म्हणायचं का? मुळीच नाही. २१ एप्रिल २०२१ नाशिककर विसरलेले नाहीत. त्या दिवशी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि किमान २२ रुग्ण दगावले. अशाने दवाखान्याची पायरी चढताना मन कचरणारच.

पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करू या. टाकीची देखभाल हा कारभाराचा प्रश्न आहे, त्याचा जाब कारभाऱ्यांना विचारायचा. लस गुणकारी आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ असं आहे. कारभारावरचा राग लसीवर काढला, तर शिक्षा लेकराला होते.

गोवर हवेतून पसरतो. लस न घेतलेली दहा मुलं रुग्णाजवळ आली, तर नऊ जणांना तो होऊ शकतो. त्यातून न्यूमोनिया होतो, डोळे जातात, जीवही जातो. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळतो. वेळ टळली तरी आशाताईंना विचारा, राहिलेला डोस घेता येतो.

लस घेताना चार प्रश्न बिनधास्त विचारा. ही लस कशासाठी? नंतर काय त्रास होऊ शकतो? झाला तर काय करायचं? पुन्हा कधी यायचं? उत्तर मिळणं हा आपला हक्क आहे. विश्वास धाकाने बसत नाही, उत्तरांनी बसतो.

बचत गटाच्या येत्या बैठकीत प्रत्येकीने बाळाचं लसीकरण कार्ड आणावं. कोणाचा डोस राहिलाय ते मिळून पाहू. आणि केंद्रात नर्सताई वेळेवर येत नसतील, तर तो विषय ग्रामसभेत मांडू. लेकराला लस आणि कारभाऱ्यांना प्रश्न, दोन्ही आपल्याच हातात आहे.