पेटीतली अळी

मंडळी, २०१४ चा मे महिना आठवतो? १ तारखेला, ऐन महाराष्ट्र दिनी, युरोपियन युनियनने भारतातला आंबा बंद केला. सोबत अळू, कारली, पडवळ, वांगीही. दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीया! आम्ही डब्यातल्या रसावर सण भागवला आणि साहेबाला नावे ठेवली.

कारण मात्र खोटे नव्हते. २०१३ मध्ये भारतीय फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली होती. मादी सालीखाली अंडी घालते. वरून फळ देखणे, आत अळ्या. ही कीड इथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीत शिरेल, ही ब्रिटनची धास्ती.

कोकणात यावर उपाय होता. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधकांचा ‘रक्षक सापळा’ बागेत टांगतात. मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माशा आत येतात आणि मरतात (हे द्रव्य तुळशीतही असते!). नरच उरले नाहीत तर माद्यांची अंडी फलित होत नाहीत. जोडीला, पेटी भरण्यापूर्वी फळाला गरम पाण्याची किंवा वाफेची प्रक्रिया. २०१५ च्या हंगामाआधी आंब्यावरची बंदी उठली. भाज्या मागे राहिल्या, म्हणजे आमची अळूवडीही.

वाफेने चव उतरते, असे आमच्यातले रत्नागिरीकर म्हणतात. खातात मात्र पेटीभर.