प्रवाळांचे पोट नुसत्या उजेडाने भरत नाही

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी बाळगणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. महागडे दिवे लावले, पाणी काचेसारखे नितळ ठेवले, तरी काही महिन्यांत जांभळे-गुलाबी प्रवाळ फिकुटले आणि त्यांची वाढही थांबली. अनेकदा दोष त्या नितळपणातच असतो. प्रवाळ उपाशी असतात.

दगडासारखा दिसणारा प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाला तोंड असते आणि तोंडाभोवती भक्ष्य पकडणाऱ्या स्पर्शिका. अनेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. उजेडात ते साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. उथळ पाण्यातल्या प्रवाळाची उर्जेची गरज यातून ९० टक्क्यांपर्यंत भागू शकते. पण साखरेने फक्त ताकद मिळते. अंग धरायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि तो साखरेत नसतो.

हा हिशेब इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रवाळ प्रयोगशाळेने मांडला. योर्ग वीडेनमन आणि सहकाऱ्यांनी प्रवाळांना कोणतेही खाद्य न देता टाक्यांत ठेवले. ज्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट विरघळलेले होते तिथले प्रवाळ वाढत राहिले. जिथे ते नव्हते तिथे भरपूर उजेड असूनही वाढ खुंटली. कारण मोठे गमतीचे निघाले. शैवाल पाण्यातली पोषकद्रव्ये शोषून वाढते आणि जास्तीचे झालेले शैवाल प्रवाळ चक्क पचवून टाकतो. एका अर्थी ही त्याची शेतीच. हे संशोधन २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. याच गटाने त्याआधी दाखवले होते, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट तुटपुंजे असेल तर प्रवाळ उष्णतेने लवकर पांढरे पडतात.

रंगाचे गणितही यातूनच उलगडते. तपकिरी छटा शैवालाची. हिरवा, गुलाबी, जांभळा हे रंग बहुधा प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. पोषकद्रव्ये फार झाली तर शैवाल माजते आणि सगळेच तपकिरी दिसू लागते. ती संपली तर प्रवाळ निस्तेज होतो. म्हणून अनुभवी छांदिष्ट नायट्रेट लिटरला साधारण २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम राखतात. शून्य आकडा पाहून खूश होण्यात अर्थ नाही.

खाद्य द्यायचे ते दिवे मालवल्यावर, कारण बरेच प्रवाळ रात्रीच स्पर्शिका पसरतात. नुकती अंड्यातून निघालेली ब्राइन श्रिंपची पिल्ले किंवा बारीक केलेले मायसिस आठवड्यातून एक-दोनदा पुरते. गाळण यंत्रणा पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवावी, पाणी हलवणारा पंप मात्र मंद चालू असावा. न खाल्लेला घास टाकीत कुजतो. त्यामुळे मूठभर एकदम टाकण्यापेक्षा चिमूटभर बरे. नारिंगी ‘सन कोरल’च्या अंगात शैवालच नसते. त्याला भरवले नाही तर तो मरतोच. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणून पाण्यात लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि स्थिर अल्कता नसेल तर कितीही भरवून वाढ होत नाही.

हे सारे करण्याआधी एक प्रश्न कायद्याचा आहे. भारतात सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण. मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहेत, आणि तिथून एक तुकडा जरी घरच्या टाकीसाठी उचलला तरी तो गुन्हा ठरतो. ‘बाहेरून आणलेले आहे’ असे सांगून प्रवाळ विकणाऱ्याकडे आयातीची कागदपत्रे आधी मागावीत, दिवे आणि पंप नंतर निवडावेत.