इन्शुलिनजनक पेशींचे आतड्याकडून होणारे रक्षण

ग्लुकोज शिरेतून दिले असता जेवढे इन्शुलिन स्रवते, त्याहून बरेच अधिक ते मुखावाटे दिले असता स्रवते. १९६४ मध्ये मॅकिन्टायर व त्यांचे सहकारी यांनी हे दाखविले. पुढे रक्तशर्करा दोन्ही प्रसंगी सारखी राखून पाहिले, तरीही हा भेद उरलाच. म्हणजे अन्न आल्याची वर्दी स्वादुपिंडास आतड्याकडूनही मिळते. ती नेणारी संप्रेरके मुख्यतः दोन होत : लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून स्रवणारे जीआयपी आणि मुख्यत्वे त्याच्या शेवटच्या भागातून व मोठ्या आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१.

तथापि जीएलपी-१चे कार्य केवळ वर्दीपुरते नाही. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात इन्शुलिन निर्माण करणाऱ्या बीटा-पेशी हळूहळू नाश पावतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात, तशाच अंगलटीच्या निरोगी माणसांशी तुलना करता, त्यांचे प्रमाण स्थूल रुग्णांत ६३ टक्क्यांनी व सडपातळ रुग्णांत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. नव्या पेशी पूर्ववत निर्माण होत होत्या. वाढला होता तो मृत्यूचा वेग. यामुळेच रक्षणाच्या प्रश्नास महत्त्व येते.

जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते. डीपीपी-४ हे विकर त्याचे तुकडे करते. परंतु गिला मॉन्स्टर या अमेरिकेतील विषारी सरड्याच्या विषात त्याच धर्माचे, पण टिकाऊ असे एक्सेंडिन-४ जॉन एंग यांना सापडले (१९९२). निसर्गाची ही देणगी विलक्षणच म्हणावी लागेल! टोरोंटो येथे ड्रकर यांच्या प्रयोगशाळेत बीटा-पेशींना मारक असे स्ट्रेप्टोझोटोसिन उंदरांना देण्यात आले. एक्सेंडिन-४ मिळालेल्या उंदरांत कमी पेशी मेल्या. उलट ज्या उंदरांच्या पेशींत जीएलपी-१चे ग्राहकच नव्हते, त्यांची हानी अधिक झाली. म्हणजे शरीरातील स्वाभाविक जीएलपी-१ही रक्षणास हातभार लावते.

हे घडते कसे? संप्रेरक ग्राहकास चिकटताच पेशीत चक्रीय एएमपी वाढते. त्यातून पेशीस जगविणाऱ्या प्रथिनांची साखळी कार्यान्वित होते व आत्मनाशाची क्रिया दबते. शिवाय इन्शुलिनची मागणी अतोनात वाढली की पेशीत अर्धवट घडलेली प्रथिने साचून तिच्यावर ताण येतो. त्यातून सावरण्याची शक्तीही तिला मिळते.

मनुष्याविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. जिवंत माणसाच्या बीटा-पेशी मोजण्याचे खात्रीचे साधन वैद्यकापाशी नाही. एक्सेंडिन-४पासून सिद्ध केलेले औषध वर्षभर घेतलेल्या रुग्णांत इन्शुलिनचा स्राव सुधारला. औषध थांबवून चार आठवडे झाल्यावर तो पूर्वपदावर आला. पेशी खरोखर वाचल्या असत्या, तर लाभाचा काही अंश तरी उरावयास हवा होता. तरुणपणीच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा-पेशींवर उलटते. त्या रुग्णांवरील २०२१ च्या चाचणीत जीएलपी-१सारखे औषध प्रतिकारशक्तीस आवर घालणाऱ्या द्रव्यासह दिले असता इन्शुलिननिर्मितीची घट मंदावली. उपचार थांबल्यावर तोही परिणाम ओसरत गेला.