खडकावरचे रान

झाडे लावण्याचा समारंभ आपल्या देशात दर पावसाळ्यात होतो. खड्डा तयार असतो, रोप तयार असते. पाहुणे येतात, झारीने पाणी घालतात आणि टाळ्या पडतात. झाडे उपटण्याचा समारंभ मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तरीही जोधपूर शहराला लागून असलेल्या एका खडकाळ प्रदेशात एका जुन्या रानाच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ नेमका याच कामाने झाला. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी पसरलेली ही सुमारे सत्तर हेक्टर भूमी आता ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ या नावाने ओळखली जाते. किल्ल्याचा सांभाळ करणाऱ्या मेहरानगड म्युझियम ट्रस्ट या विश्वस्त संस्थेने २००६ साली हे काम हाती घेतले आणि २०११ साली हे रान लोकांसाठी खुले केले. २०२६ साली त्या आरंभाला वीस वर्षे होतात.

जे झाड उपटावे लागले, ते महाराष्ट्राला अनोळखी नाही. सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात पडीक जमिनीवर, तळ्यांच्या काठाने त्याची काटेरी दाटी दिसते. आपल्याकडे त्याला वेडी बाभूळ म्हणतात. कच्छमध्येही त्याचे नाव ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडा बाभूळच! मारवाडात त्याला ‘बावळिया’ म्हणतात. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्यूलिफ्लोरा. मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि त्या बाजूचा दक्षिण अमेरिकेचा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हिंदुस्थानात आले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारवाडात रुजले. जोधपूर संस्थानाने १९४० साली त्याला शाही वृक्षाचा मान दिला व प्रजेने त्याचे रक्षण करावे असे सांगितले. महाराजा उमेदसिंह यांना विमानविद्येचा मोठा शौक. त्यांनी विमानातून या झाडाचे बी वाळवंटावर पेरविले, असे जोधपुरात सांगतात.

या साऱ्यामागील हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही. सरासरी साडेतीनशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात जे झाड पाण्यावाचून वाढते, सरपण देते आणि उडती वाळू धरून ठेवते, ते कोणाला वरदान वाटणार नाही? अडचण पुढे निघाली. या झाडाचा पाला शेळीसुद्धा सहसा तोंडात घेत नाही. शेंगा मात्र गोड, त्या गुरे आवडीने खातात. बी न पचता शेणालेंड्यांतून दूरवर पडते आणि रुजते. झाडाखाली साचणाऱ्या पाल्याने इतर रोपांची उगवण खुंटते. म्हणजे देशी झुडपांना चरणाऱ्या गुरांकडून मार आणि शेजाऱ्याकडूनही मार. हा परदेशी पाहुणा तेवढा दोन्हींतून सुटलेला. दुरून पाहणाऱ्याला टेकडी हिरवी दिसे, पण त्या हिरवेपणाखाली मारवाडची कितीतरी झाडेझुडपे नाहीशी होत होती.

ट्रस्टने या कामासाठी प्रदीप क्रिशन यांना बोलाविले. क्रिशन हे पूर्वीचे चित्रपट-दिग्दर्शक, पुढे वृक्षांच्या अभ्यासाकडे वळलेले. दिल्लीच्या वृक्षांवरचे त्यांचे पुस्तक याच २००६ सालचे. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न बावळिया काढावा कसा, हाच होता. नुसते तोडून काही साधत नाही. खोड कापले की जमिनीखालच्या मुळाच्या माथ्यावरील डोळे फुटतात आणि एका खोडाच्या जागी दहा फांद्या उभ्या राहतात. तो माथाच खणून काढला पाहिजे, आणि तो असतो हातभर खोल, कठीण खडकाच्या फटीत.

हा खडकही साधा नव्हे. सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून तो घडला आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी दिसणारे त्याचे थर भूशास्त्राच्या दृष्टीने इतके मोलाचे, की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरविले आहे. अशा दगडात कुदळ काय करणार!

येथे शास्त्राच्या मदतीला कारागिरी आली. जोधपूरच्या आसपास वालुकाश्माच्या खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे खंडवालिया लोक आहेत. त्यांचा माणूस खडकावर हातोडी मारतो आणि कान देतो. आवाजावरून त्याला कळते, की दगड कोठे सलग आहे, कोठे फट आहे, घाव कोठे घातला असता तो उकलेल. छिन्नी-हातोड्याने त्यांनी एकेक मूळ मोकळे करून काढले. वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात न सापडणारी ही विद्या नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. आणि मौज अशी, की झाड काढल्यावर जो खळगा राहिला, तोच नव्या रोपाचे घर झाला. बावळियाच्या मुळांनी खडकातील फटी आधीच शोधून ठेवल्या होत्या!

त्या खळग्यात काय लावावे, हे मात्र बागेच्या हौसेवर सोडले नाही. थरच्या वाळवंटात वाळूची झाडे वेगळी, खाऱ्या भूमीची वेगळी आणि खडकाची वेगळी. म्हणून खडकाळ जागा हिंडून पाहिल्या, तेथे आपोआप काय वाढते ते टिपले, त्यांचे बी आणून रोपवाटिकेत रोपे केली. त्यांत थोर प्रमुख. दिसायला निवडुंग, पण कुळाने आपल्या शेराचा भाऊबंद. पावसाळ्यात त्याला मांसल पाने येतात, कोरड्या दिवसांत ती गळतात आणि हिरव्या दांड्यांवरच त्याचा निर्वाह चालतो. त्याच्या काट्यांच्या आडोशाला दुसऱ्या वेली व रोपे शेळ्यांपासून वाचून वाढतात. मग कुमट; याच्या सालीतून अरबी गोंद मिळतो आणि बिया केर-सांगरीबरोबर मारवाडी पंचकुट्याच्या भाजीत पडतात. औषधी गुग्गुळ, गांगेटी, मुराळी, शिवाय नाना तऱ्हांची गवते. नावे मारवाडाबाहेर फारशी कोणी ऐकलेली नसतील, पण त्या दगडाशी त्यांचा घरोबा फार जुना आहे.

येथे फिरावयास येणाऱ्याने फुलबागेची अपेक्षा धरू नये. नगरकोटाच्या जुन्या सिंघोरिया पोळीतील केंद्रातून आत गेले, की खडकातून आखलेल्या पायवाटा लागतात. तलावांकडे पाणी नेण्यासाठी पूर्वी खडकात कोरलेला पाट दिसतो. श्रावणात सारे गवताने हिरवे असते. वैशाखात मात्र बरीचशी झुडपे निष्पर्ण होतात आणि टेकडी तपकिरी दिसते. नवख्याला वाटावे, सगळे वाळले. वस्तुतः ती वाट पाहत असतात. पानावाचून उन्हाळा काढणे हीच त्यांची रीत.

हाच प्रयोग साऱ्या मारवाडात करावा, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. कितीतरी खेड्यांत आजही चूल बावळियाच्या लाकडावर पेटते आणि त्याच्या कोळशावर कुटुंबे जगतात. दुसरे सरपण दिल्यावाचून ते झाड तोडा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? सत्तर हेक्टरांवर जे जमले, त्याला वीस वर्षे आणि खंडवालियांचे कान लागले आहेत. शिवाय बावळियाचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. पाऊस पडला, की गवताबरोबर त्याचेही कोवळे रोप कोठेतरी डोके वर काढते, आणि मूळ खडकात शिरण्यापूर्वी ते हाताने उपटावे लागते.