डेक वरून नाही, खालून बघा! होमस्टेवाल्यांसाठी

होमस्टेच्या व्हिडिओत एक विषय घाईत उरकला होता, तो आज नीट लिहितो. लाकडी डेक. हल्ली कोकणात दोन खोल्यांचा होमस्टे काढणारासुद्धा समुद्राकडे किंवा खाडीकडे तोंड करून एक डेक टाकतोच. फोटो मस्त येतात, बुकिंगही येतं. खरी परीक्षा दोन-तीन पावसाळ्यांनंतर असते.

मागच्या ऑक्टोबरमध्ये गुहागर तालुक्यातल्या एका ताईंकडे गेलो होतो. डेक जमिनीपासून सात-आठ फूट उंच, नुकतंच पॉलिश मारलेलं, एकदम चकाचक. मी खाली गेलो आणि घराच्या भिंतीला लागून जी आडवी तुळई असते, तिच्यात साधा स्क्रू-ड्रायव्हर टोचला. अर्धा आत गेला! संध्याकाळी बारा जणांचा ग्रुप यायचा होता. ताई म्हणाल्या, "अहो सर, वरून तर काहीच दिसत नव्हतं."

वरून दिसत नाहीच. फळ्या उन्हात वाळतात. पाणी साठतं ते भिंत आणि तुळईच्या सांध्यात, आणि अर्ध्या डेकचा भार त्याच सांध्यावर असतो. म्हणून पहिली तपासणी तिथेच. लाकूड टोचून बघा, मऊ लागलं तर समजा कुजलंय. ती तुळई नुसत्या खिळ्यांवर असेल तर लाकूड चांगलं असलं तरी सुताराला बोलवा. खिळा ओढीने उपसून येतो, तिथे आरपार बोल्टच पाहिजे.

"इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं. अमेरिकेत शिकागोला जून 2003 मध्ये पार्टी चालू असताना एका इमारतीच्या लाकडी गॅलऱ्या एकावर एक कोसळल्या, 13 माणसं गेली. रोज दोन माणसं चहा पितात तेव्हा डेक उभा राहतो, पण सगळा ग्रुप सूर्यास्ताच्या फोटोसाठी एकाच कठड्याला टेकतो तेव्हा हिशोब वेगळा असतो. आणि आपल्या गिऱ्हाईकाला तोच फोटो हवा असतो!

कठड्याचं सोपं आहे. दोघांनी धरून जोरात हलवा. हलला तर खांबाचा जोड ढिला आहे. उंची निदान 1 मीटर हवी, उभ्या पट्ट्यांमधली फट 4 इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर लहान मूल डोकं घालतं.

खाऱ्या हवेत स्क्रू फसवतात. डोकं ठीक दिसतं, आतला दांडा गंजून सुतळीएवढा झालेला असतो. दोन-चार काढून बघा. बदलायचे असतील तर समुद्राजवळ 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, महाग पडेल पण परत परत बदलावं लागणार नाही. खांबाचा पाय मातीत पुरलेला असेल तर तिथे वाळवीची मातीची रेघ शोधा. खांब काँक्रीटच्या चौथऱ्यावर, लोखंडी बुटात, जमिनीपासून थोडा उचललेला बरा.

आणि एक माझा राग. ते हिरवं प्लास्टिकचं गवत! फोटोसाठी डेकवर अंथरतात, खाली पावसाचं पाणी दिवसेंदिवस तसंच राहतं आणि फळ्या कुजतात. काढून टाका. फळ्यांमधल्या फटीतला पालापाचोळा पट्टीने काढा, शेवाळ ताठ ब्रशने घासा, कारण डेक पडण्याआधी पाहुणा घसरून पडतो. चकचकीत व्हार्निशपेक्षा लाकडात मुरणारं तेल बरं, ते पापुद्रे काढत नाही. काजूच्या टरफलाचं तेल वाळवीला चांगलं, पण कातडीला फोड आणतं, म्हणून ते फक्त खालच्या बाजूला, हातमोजे घालून.

हे वर्षातून दोनदा करायचं. मे अखेरीस आणि पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या गर्दीआधी. तारीख टाकून वहीत लिहा, मोबाईलवर त्याच जागांचे फोटो काढा, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा काय बिघडलं ते कळतं. डेकच्या नावाने दर बुकिंगमागे शंभर रुपये वेगळे ठेवा. ही रक्कम भाडं ठरवतानाच धरायची, नफ्यातून काढायची नाही.

त्या दिवशी ताईंनी डेकला दोरी बांधली आणि ग्रुपला वाटेत असतानाच फोन करून सांगितलं. जेवण अंगणात आंब्याखाली वाढलं. कोणी पैसे परत मागितले नाहीत. सुताराने तुळई आठ दिवसांत बदलली, खर्च आला साधारण दोन वीकेंडच्या बुकिंगएवढा.