जव्हार-मोखाड्यातील बांधकामे आणि उभी झाडे : एक मागोवा

बांधकामाच्या जागेवरील झाडांची मोजदाद करणे आणि त्या बांधकामाचा झाडांवर होणारा परिणाम जोखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्यात किती झाडे तोडावी लागतील एवढेच ठरते, तर दुसऱ्यात जी झाडे तोडायची नाहीत ती तरी पुढे जगतील काय, त्यांच्यापासून कोणाला काय मिळते आणि इमारत थोडी सरकवता येईल काय, हे प्रश्न विचारावे लागतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मोजदाद करण्याची सवय शासनाला फार लवकर लागली, पण परिणाम जोखण्याची मागणी कायद्याने अगदी तुरळक केली, असेच दिसते.

या प्रदेशातील झाडांवरचा जुना वाद बांधकामाचा नव्हता, राबाचा होता. ऐन व इतर झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्या वाळवायच्या, शेण, गवत व माती यांच्या थरांसह रोपांच्या जागेवर पसरायच्या आणि पावसाळ्यापूर्वी भाजायच्या, या पद्धतीला राब म्हणतात. भात आणि नागलीची रोपे त्याच भाजलेल्या जागेत चांगली उगवतात. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा घट्ट झाल्या, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारींमुळे मुंबई सरकारला १८८५ मध्ये एक वन आयोग नेमावा लागला, ज्याच्या चौकशीत राबाचा प्रश्न अग्रभागी होता. मुकणे घराण्याचे जव्हार त्या काळी स्वतंत्र संस्थान होते आणि ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. तरी राब संस्थान आणि ठाणे जिल्हा या दोन्हीकडच्या शेतीचा आधार होता. त्या चौकशीतून पुढे आलेली एक गोष्ट आजही महत्त्वाची आहे : एकच झाड वनखात्याच्या लेखी इमारती लाकूड असते आणि शेतकऱ्याच्या लेखी दर दोन-तीन वर्षांनी पाला देणारे साधन असते. झाडाची किंमत कोणी ठरवायची, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी तोडीवर बंधने आणली. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, खैर, मोह, हिरडा, आंबा, जांभूळ, चिंच अशा झाडांचा समावेश झाला आणि खाजगी जमिनीवरही ती परवानगीशिवाय तोडता येईनाशी झाली. १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याविषयीचा अधिनियम नागरी क्षेत्रांपुरता होता. त्यामुळे जव्हार नगर परिषदेच्या हद्दीतील झाडाला वृक्ष प्राधिकरणाचे संरक्षण मिळाले, परंतु हद्दीबाहेरच्या पाड्यावरील तशाच झाडाला ते मिळाले नाही. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमीन अन्य कामासाठी वळवण्यापूर्वी केंद्र शासनाची मान्यता आवश्यक केली. या सर्वांचा रोख झाड तोडणे व जमीन वळवणे या दोन कृतींवर होता. शेजारी खोदकाम झाल्याने उभे झाड हळूहळू मरणे ही कृती या चौकटीत मुळी बसतच नव्हती.

सर्वांत मोठी बांधकामे येथे मुंबईच्या पाण्यासाठी झाली. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणा नदीवर बांधलेले, सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले आणि त्यातून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळू लागले. वाडा तालुक्यातील ओगदे येथील नियोजित गारगाई धरणाच्या वेळी, बाधित होणाऱ्या झाडांचा आकडा लाखांत असल्याने मुंबईत मोठी चर्चा झाली, मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पर्याय पुढे आला आणि पुढे गारगाईचा प्रस्तावही पुन्हा हाती घेण्यात आला. जव्हार तालुक्यातील खिडसे येथील पिंजाळ धरणाचा प्रस्ताव तर दमणगंगा-पिंजाळ नदीजोड योजनेशी बांधलेला आहे. धरणाच्या बाबतीत निदान आकडा तरी जाहीर होतो व त्यावर वाद होतो. मात्र बुडित क्षेत्राच्या काठावरील, म्हणजे पाणी जेथपर्यंत चढते त्या रेषेच्या थोडे वर असलेल्या झाडांची मुळे पाण्याच्या बदलत्या पातळीने आणि रस्ते, खाणी व वसाहतींच्या खोदकामाने कशी बाधित होतात, याची नोंद आकड्यात येत नाही.

याहून दुर्लक्षित राहिली ती लहान बांधकामे : आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, घरकुल, नळयोजनेचे चर, तसेच त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड व मनोर यांना जोडणाऱ्या मार्गाचे रुंदीकरण. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या अर्धा-पाऊण मीटर मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. येथील बेसॉल्ट खडकावर मातीचा थर अनेक ठिकाणी उथळ असल्याने मुळांना खाली जायला वावच नसतो. अशा जागी चर मारला, वाळू-खडीचे ट्रक एकाच ठिकाणी फिरले, बुंध्याशी भराव टाकला किंवा काँक्रीट कालवल्याचे पाणी सोडले, की मुळांची हवा व पाणी तुटते. झाड त्या वर्षी मरत नाही. शेंडे वाळतात, पालवी विरळ होते आणि काही वर्षांनी ते उन्मळते किंवा वठते. तोपर्यंत ठेकेदाराचे देयक केव्हाच चुकते झालेले असते.

हा परिणाम आधी मोजण्याची पद्धत ब्रिटिश मानक ५८३७ मध्ये सविस्तर दिलेली आहे. त्यानुसार दीड मीटर उंचीवरील खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ हे मूळ-संरक्षण क्षेत्र, म्हणजे खोदकाम व वाहतूक वर्ज्य असलेली जागा मानतात. दोन मीटर घेराच्या मोहाचा व्यास सुमारे ६४ सेंटिमीटर भरतो. म्हणजे त्रिज्या साडेसात मीटरांहून थोडी अधिक आणि राखायची जागा सुमारे १८३ चौरस मीटर. ग्रामीण आवास योजनेतील घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एका मोहासाठी सात घरकुलांएवढी जागा मोकळी ठेवावी लागते, हे आराखडा कागदावर असतानाच लक्षात आले तर घर दहा पावले सरकवता येते; पाया खणल्यावर ते शक्य नसते.

परंतु हे मानक जसेच्या तसे येथे आणणे चुकीचे ठरेल. त्यात झाडांची प्रतवारी त्यांची गुणवत्ता आणि उरलेले अपेक्षित आयुष्य, म्हणजे ४०, २० किंवा १० वर्षे, यांवरून होते. वर्षानुवर्षे राबासाठी छाटलेला, गाठाळ खोडाचा, ठेंगणा ऐन त्या प्रतवारीत सहज तळाशी जाईल, आणि लागवडीत लावलेला सरळसोट साग वर चढेल. ज्या कुटुंबाची रोपे त्या ऐनाच्या पाल्यावर उगवतात त्याच्या दृष्टीने हा उलटा न्याय आहे. मोहाचेही तसेच : मार्च-एप्रिलमध्ये पहाटे खाली पडलेली फुले वेचण्यासाठी झाडाखालची जागा स्वच्छ व मोकळी लागते, तेथे फरसबंदी झाली तर झाड जगूनही घर त्याच्या फुलांना मुकते.

येथे कायद्यातच एक दार उघडे आहे. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची योजना अशा तेरा प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ७५ हा आकडा कमाल मर्यादा आहे. व्यवहारात तो मुभा समजला जाण्याचा धोका आहे. शिफारस देण्यापूर्वी ग्रामसभेने जागेवर फिरून कोणते झाड कोण वापरते, कोणाचा राब कशावर चालतो, याची यादी करून ती ठरावाला जोडली, तर ही शिफारस खऱ्या अर्थाने मूल्यमापन ठरेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

नंतरच्या सुधारणा शहराकडे पाहून झाल्या. १९७५ च्या अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीने नागरी क्षेत्रातील ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक केले. त्याच सुमारास, पश्चिम बंगालमधील उड्डाणपुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये धरले. जव्हार शहरातील जुन्या वडाला २०२१ च्या दुरुस्तीचा उपयोग होईल. शहराची हद्द ओलांडताच, मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील शंभर वर्षांच्या मोहाला तो होणार नाही. पन्नास रोपे पन्नास वर्षांच्या मोहाची फुले पुढची कित्येक वर्षे देऊ शकत नाहीत, कारण मोहाला फुलावर यायलाच साधारण दहा वर्षे लागतात. म्हणून या दोन तालुक्यांत सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि आदिवासी विकास विभाग यांनी कोणत्याही इमारतीचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी जागेवरील प्रत्येक मोठ्या झाडाचे खोड, मूळ-क्षेत्र आणि वापरकर्ते दाखवणारा नकाशा ग्रामसभेसमोर ठेवावा, आणि ठेकेदाराच्या अंतिम देयकातील काही रक्कम राखलेली झाडे तीन पावसाळ्यांनंतर जिवंत आहेत हे पाहूनच द्यावी.