मणक्यातील पंप : दुखण्यावर थेंबाथेंबाने औषध



पोटात पंप बसवून मणक्यात औषध सोडतात म्हणे, ते काय असते आणि त्याने दुखणे बरे होते का, असे काही सभासदांनी आम्हांस विचारले. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल, किंवा कोणी उंचावरून पडून मणका दुखावला असेल, तर हा प्रश्न केवळ माहितीपुरता राहात नाही. म्हणून ही गोष्ट सोप्या भाषेत सांगत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे हा पंप रोग बरा करीत नाही. तो वेदना कमी करतो.

वेदनेची वर्दी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. गोळी घेतली की औषध रक्तातून सर्व अंगभर फिरते. थोडे कामाच्या जागी पोचते, बाकीचे गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठ करते. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे मोकाट पाणी झाले. पंप म्हणजे ठिबक : टाकी, नळी, आणि मुळाशी थेंब. मज्जारज्जूभोवती जे पाणी असते, त्यातच औषध सुटते. म्हणून ते फार थोडे लागते. तोंडाने ३०० मिलिग्रॅम मॉर्फिन लागत असेल, तेथे मणक्यात साधारण १ मिलिग्रॅम पुरते, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे.

मणक्यात औषध देणे नवे नाही. जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी १८९८ साली मणक्यात इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया केली. मॉर्फिनचे काम मज्जारज्जूतच होऊ शकते, हे १९७६ साली उंदरांवरील प्रयोगात दिसले, आणि १९७९ साली अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला. पुढे झिकोनोटाइड नावाचे औषध निघाले. ते समुद्रातील एका विषारी गोगलगाईच्या विषावरून बनविले असून अमेरिकेत २००४ साली त्यास मान्यता मिळाली. हातपाय ताठून आखडत असतील, तर पंपातून बॅक्लोफेन देतात.

पंप बूटपॉलिशच्या मोठ्या डबीसारखा गोल व धातूचा असतो. तो पोटाच्या कातडीखाली बसवितात आणि बारीक नळी कुशीवरून कातडीखालूनच पाठीत नेतात. आत २० किंवा ४० मिलिलिटर औषध मावते. किती थेंब, केव्हा, हे डॉक्टर बाहेरून यंत्राने ठरवितात. बसविण्यापूर्वी मणक्यात औषध देऊन चाचणी घेतात. चाचणीत आराम पडला, तरच पुढचे पाऊल.

शस्त्रक्रियेनंतर खरी जबाबदारी घरच्यांची. पहिले सहा ते आठ आठवडे वाकणे, कंबर पिळणे, ओझे उचलणे बंद. पाण्याची कळशीसुद्धा नको. नळी अजून जागेवर धरलेली नसते, ती सरकली तर सगळे पुन्हा करावे लागते. "आता दुखत नाही, मग बसून काय करू?" असे रुग्ण म्हणेल. दुखत नाही याचा अर्थ जखम भरली असा नव्हे, हे त्याला समजावून सांगावे. उठून बसल्यावर डोके ठणकते आणि आडवे झाल्यावर थांबते, असे झाले तर मणक्यातील पाणी झिरपत असण्याचा संभव असतो. डॉक्टरांना कळवावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र रात्र काढू नये :

(१) जखम लाल होणे, पू किंवा पाण्यासारखा स्राव येणे, ताप.

(२) फार गुंगी, श्वास मंद होणे, हाक मारूनही नीट जाग न येणे.

(३) पायांत नवा अशक्तपणा, लघवी अडणे.

(४) बॅक्लोफेन घेणाऱ्यास एकदम ताठरपणा, खाज, तीव्र ताप किंवा भ्रम. औषध तुटल्याची ही खूण असून त्यात जीव जाऊ शकतो.

म्हणून औषध भरण्याची तारीख पंचांगाइतकीच सांभाळावी. साधारण एक ते तीन महिन्यांनी, औषधाप्रमाणे कधी त्याहून उशिरा, कातडीतून सुई घालून पंप भरतात. सुई पंपाबाहेर गेली तर बरेच औषध एकदम अंगात उतरते. तेव्हा हे काम शिकलेल्या हातानेच व्हावे, आणि भरल्यावर लगेच घाईने गाडी पकडू नये. टाकी संपत आली की पंप आवाज देतो. तो ऐकून सोडून देऊ नका. एम.आर.आय.पूर्वी पंप असल्याचे सांगावे, आणि पंपाचे कार्ड खिशात ठेवावे. बॅटरी साधारण चार ते सात वर्षे चालते. मग पंप बदलण्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

आता खर्चाचे. हा उपाय लाखांच्या घरात जातो, शिवाय जन्मभर इस्पितळाची वारी. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी एक विचारा : गोळ्यांचे उपाय पुरते करून झाले का? कर्करोगाच्या वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन स्वस्त आहे, आणि बहुतेकांना तेवढ्याने आराम पडतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सुकर झाली. मॉर्फिन म्हणजे व्यसन, ही भीती डॉक्टरांच्या देखरेखीत बाळगू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे, तेथे किंवा जवळच्या अशा विभागात सल्ला घ्यावा. गोळ्यांनी भागत नाही किंवा त्या सोसत नाहीत, त्या थोड्या रुग्णांसाठी पंप आहे.

दुखणे मुकाट्याने सोसणे म्हणजे मर्दुमकी, असे आपल्याकडे मानतात. आमचे म्हणणे एवढेच : वेदना हाही आजारच आहे, आणि त्यावर उपचार मागण्यात कमीपणा नाही.